सिलेक्टिव्हचा रायटिंग पेपर: घरच्या घरी तयारी कशी करून घ्यावी

लेक इयर ५ मध्ये होती तेव्हा तिच्या ट्यूशन क्लासने तिला एक गोष्ट पाठ करायला दिली होती. वादळी रात्र, जुना वाडा, करकरणारं दार आणि शेवटी सगळं स्वप्न. क्लासचं म्हणणं असं की ही गोष्ट कुठल्याही विषयाला ‘बसवता’ येते. सराव परीक्षेत विषय आला : शाळेत नव्याने आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यासाठी सल्ला देणारं पत्र लिहा. लेकीने त्या बिचाऱ्या नव्या मुलाला वादळी रात्री जुन्या वाड्यात पाठवलं. २५ पैकी ६ गुण. घरी आली ती रडत नव्हती, चिडलेली होती. “आई, माझं एकही स्पेलिंग चुकलं नव्हतं!”

तो क्लास आम्ही सोडला. पुढचे दहा महिने सिलेक्टिव्ह हायस्कूलच्या (म्हणजे परीक्षा देऊन प्रवेश मिळणाऱ्या सरकारी शाळांच्या) रायटिंग पेपरची तयारी घरी जेवणाच्या टेबलावर केली. ती कशी केली, कुठे चुकलो आणि दुसऱ्यांदा करायची वेळ आली तर काय वगळेन, ते लिहिते आहे. सिडनीत दर शनिवारी मुलाला क्लासला सोडून बाहेर गाडीत बसणाऱ्या मराठी आई-बाबांना हे कामाला यावं.

आधी पेपर समजून घ्या

न्यू साउथ वेल्सच्या सिलेक्टिव्ह हायस्कूलची परीक्षा मुलं इयर ६ मध्ये, मे महिन्यात देतात. जागा ४,२०० च्या आसपास आणि अर्ज १७,००० च्या वर. पेपर चार : रीडिंग ४५ मिनिटं, मॅथेमॅटिकल रीझनिंग ४०, थिंकिंग स्किल्स ४० आणि रायटिंग ३०. चारही पेपरांना सारखंच, प्रत्येकी २५ टक्के वजन आहे. ज्या गणितासाठी आपण तीन-तीन वर्षं क्लास लावतो, तेवढीच किंमत या अर्ध्या तासाच्या एका लिखाणाला. ओसीच्या (इयर ५-६ च्या हुशार मुलांसाठीच्या ‘ऑपॉर्च्युनिटी क्लास’च्या) परीक्षेत लेखनाचा पेपर नसतो, त्यामुळे ओसीत गेलेली हुशार मुलंही इथे नवखीच असतात.

लेखन २५ गुणांतून तपासतात. त्यातले १५ गुण आशय, लेखनप्रकार, मांडणी आणि शैली यांना आणि उरलेले १० वाक्यरचना, विरामचिन्हं, व्याकरण, शब्द आणि स्पेलिंग यांना. आता त्या ६ गुणांकडे पुन्हा बघा. लेकीला जे मिळाले ते दहाच्या खात्यातले होते. पंधराच्या खात्यात भोपळा, कारण विचारलं होतं एक आणि लिहिलं भलतंच.

आणखी एक. आपण सगळे याला ‘क्रिएटिव्ह रायटिंग’ म्हणतो, म्हणून मुलं गोष्टच लिहायची असं धरून बसतात. विषय गोष्टीचा येऊ शकतो, तसाच डायरीचं पान, पत्र, भाषण, बातमी, सल्ल्याचं पत्रक असा कशाचाही येऊ शकतो.

आपली पालकांची अडचण निराळी आहे. आपल्यातले बरेचजण स्कॉलरशिप, नवोदय असल्या परीक्षा देऊन मोठे झालो. नवोदयच्या प्रवेश परीक्षेत ८० वस्तुनिष्ठ प्रश्न, निबंध नाहीच. शाळेत निबंध होता, पण तो कसा? ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘सूर्य उगवला नाही तर’, ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’. गाइडमधून पाठ करायचा, चार सुभाषितं टोचायची, झालं. पाठांतर म्हणजे तयारी हे आपल्या हाडात मुरलंय. म्हणूनच क्लासवाल्यांची ती पाठ केलेली गोष्ट आपल्याला लगेच पटते.

विषय वाचायचा सराव, लिहिण्याच्या आधी

पहिले तीन आठवडे लेकीला काहीच लिहू दिलं नाही. रोज एक विषय द्यायचे आणि दोन मिनिटांत चार प्रश्नांची उत्तरं मागायचे. लिहिणारा कोण? वाचणारा कोण? लेखन कुठल्या रूपात हवंय? त्यात काय यायलाच हवं?

एक विषय मी असा बनवला होता : “शाळेने मैदानाचा एक कोपरा भाजीच्या वाफ्यांसाठी द्यायचं ठरवलं आहे. शाळेच्या वार्तापत्रासाठी बातमी लिही. हे एका विद्यार्थ्याला का पटतं आणि दुसऱ्याला का पटत नाही, ते त्यात यायला हवं.” लेक लगेच म्हणाली, “भाज्या चांगल्या असतात हे लिहायचं.” विषयात तिचं मत कुणी विचारलंच नव्हतं. हवा होता वार्ताहर, हव्या होत्या दोन बाजू आणि दोन मुलांच्या तोंडची वाक्यं. असे पंधरा-वीस विषय नुसते बोलून सोडवले की मुलाची नजर बदलते. तिसऱ्या आठवड्यात लेक स्वतःहून विषयातल्या शब्दांवर बोट ठेवून वाचायला लागली. माझ्या मते सगळ्या तयारीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त फळ देणारी पायरी हीच.

मराठी बंद करू नका

परीक्षा जवळ आली की काही घरांत फतवा निघतो : आता घरात फक्त इंग्लिश. मला हे अजिबात पटत नाही. इथे वाढलेल्या मुलांचं इंग्लिश आपल्यापेक्षा बरं असतं. (मी ‘प्रीपोन’ म्हटलं की लेक अजून हसते.) त्यांची खरी अडचण सांगण्यासारखं काही सुचत नाही ही असते. ते सुचायला बोलणं लागतं, आणि घरातलं बोलणं ज्या भाषेत मोकळं होतं त्याच भाषेत ते व्हायला हवं.

“आज शाळेत काय झालं?” या प्रश्नाचं उत्तर जगभर एकच : “काही नाही.” त्याऐवजी आम्ही असं विचारायला लागलो : “डब्याच्या वेळी तुझ्या शेजारी कोण होतं आणि त्याच्या डब्यात काय होतं?” मग गाडी सुरू व्हायची. दुसरा प्रयोग आजीच्या व्हिडिओ कॉलवर. आजी साताऱ्यात, तिने इथली शाळा पाहिलेली नाही. “आजीला दिसेल असं सांग,” एवढीच अट. आजी मध्येच विचारायची, “म्हणजे ते मैदान केवढं गं? आपल्या गणपतीच्या देवळाएवढं?” वाचणाऱ्याला काय माहीत नाही याचा अंदाज यायला याहून चांगली शिकवणी मला माहीत नाही.

याच काळात एक छोटी वही केली. रोज तीन ओळी : एक पाहिलेली गोष्ट, कुणाच्या तोंडून ऐकलेलं एक वाक्य, एक वास किंवा स्पर्श. मराठी, इंग्लिश, मिसळ, काहीही चालेल. मी स्पेलिंग तपासायचं नाही असा करार होता. त्या वहीतली एक ओळ : “वेस्टमीड स्टेशनवर एक माणूस स्वतःच्या छत्रीशी भांडत होता.” दहा वर्षांच्या मुलीने लिहिलेलं हे वाक्य कुठल्याही क्लासच्या ‘वाव वर्ड्स’च्या यादीतून आलं नसतं.

एकच विषय, दोन गोष्टी

सप्टेंबरच्या सुटीत मी विषय दिला : “दार उघडं राहिलं.” तिने लिहिलेली पहिली गोष्ट : एक मुलगी जंगलात जाते, तिला जादूचं दार दिसतं, आत ड्रॅगन असतो, राजकुमारी असते, युद्ध होतं, मुलगी जिंकते. साडेतीनशे शब्दांत पाच ठिकाणं आणि नऊ पात्रं. कुणालाच चेहरा नव्हता. ड्रॅगनसुद्धा एका ओळीत मेला.

मी तिला विचारलं, “आपल्या घरात कधी कुठलं दार उघडं राहिलं होतं?” ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, “फ्रीझरचं.”

त्याआधीच्या वर्षी आजी तीन महिने आमच्याकडे राहिली होती. परत जायच्या आदल्या दोन दिवसांत तिने पुरणपोळ्या करून गॅरेजमधल्या मोठ्या फ्रीझरमध्ये ठेवल्या होत्या. प्रत्येक पाकिटावर चिकटपट्टी, तिच्यावर तिच्या वाकड्या अक्षरात ‘पु. पो. ६’. आजीला विमानतळावर सोडून आल्यावर कुणीतरी आइसक्रीम काढायला फ्रीझर उघडला आणि दार नीट लागलं नाही. सकाळी सगळं विरघळलेलं.

“कुणीतरी म्हणजे कोण?” मी विचारलं.

“मीच,” ती म्हणाली. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तिने ती गोष्ट लिहिली. इंग्लिशमध्ये, पण सुरुवात मराठीत सांगायची तर अशी होती : “गॅरेजच्या फरशीवर पाण्याचा ओघळ आला होता आणि त्या पाण्याला जायफळाचा वास येत होता.” जादूच्या दाराची सुरुवात होती, “एकदा एक मुलगी होती जिला साहस खूप आवडायचं.” दोन्ही वाक्यं एकाच मुलीची, चार दिवसांच्या अंतराने लिहिलेली.

शेवटावर मात्र आम्ही बराच वेळ घासाघीस केली. पहिल्या मसुद्यात शेवटी “त्या दिवसापासून मी नेहमी दार बंद करायला शिकले” असं तात्पर्य होतं. मी खोडलं नाही, फक्त विचारलं, “तेव्हा तू खरंच काय केलं होतंस?” तिने एक पाकीट उघडून ओलीचिंब पोळी तव्यावर टाकून पाहिली होती. ती तव्याला चिकटली, निघेचना. मग तिने आजीला फोन केला आणि पोळ्या मस्त झाल्यात असं सांगितलं. गोष्ट तिथेच संपवली.

यातून मुलांना सांगता येतील अशा मोजपट्ट्या निघाल्या. जागा एक, फार तर दोन. वेळ तासाभराची किंवा एका दिवसाची. माणसं दोन किंवा तीन. सुरुवातीला एक गोष्ट एक प्रकारे असते, शेवटी ती थोडी बदललेली असते. कल्पित गोष्टीलाही हेच लागू. ड्रॅगन हवाच असेल तर एकच ठेवा आणि त्याचे दात किडलेत हे दाखवा.

मग पाठांतर काहीच नको का? सामान जमवून ठेवायला हरकत नाही. आम्ही वहीच्या मागच्या पानावर तिच्या ओळखीच्या सहा जागा (गॅरेज, पोहण्याचा तलाव, ट्रेनचा वरचा मजला, साताऱ्याची गच्ची, शाळेची कॅन्टीन, वाणसामानाचं दुकान) आणि सहा माणसं टिपून ठेवली होती. विषय समोर आला की त्यातलं काही उपयोगी पडतं का हे बघायचं, नाहीतर सोडून द्यायचं. तयार गोष्ट विषयावर चढवायची नाही.

तीस मिनिटं कशी वापरायची

आम्ही पाच, वीस, पाच अशी वाटणी ठरवली. पहिली पाच मिनिटं विषयाचे चार प्रश्न आणि कच्च्या कागदावर आराखडा. आराखड्यात चार नोंदी पुरतात : सुरुवात कुठल्या क्षणाला, अडचण काय, ती कशी वाढते, शेवटचं चित्र कोणतं. शेवटचं चित्र आधी ठरवा, हा माझा हट्ट होता. वेळ संपत आली की ज्या मुलांना शेवट माहीत नसतो ती सगळ्यांना स्वप्नातून जागं करतात.

मधली वीस मिनिटं लिहिणं. शब्दमोजणीच्या मागे लागू नका. तीनशे ते चारशे नीट शब्द पुरे असतात. शेवटची पाच मिनिटं वाचून दुरुस्त्या, आणि ती खरोखर राखून ठेवायची.

२०२५ पासून ही परीक्षा संगणकावर होते, म्हणून टायपिंगकडे दुर्लक्ष करू नका. गेमच्या कीबोर्डवर विजेसारखी बोटं चालवणारं मूल परिच्छेद टाइप करताना दोन बोटांवर येतं. रोज दहा मिनिटं, दहाही बोटांनी, दोन-तीन महिने. सरावासाठी साधं नोटपॅड वापरा. आपोआप स्पेलिंग दुरुस्त करणारं काही नको, नाहीतर ‘कलर’मधला ‘यू’ कधी गळाला ते मुलाला कळतही नाही. आणखी एक खोड : पहिलंच वाक्य सहा वेळा पुसून लिहायची. आमच्याकडे नियम होता की पहिल्या दहा मिनिटांत बॅकस्पेस फक्त शब्दापुरता.

गोष्ट नसेल तेव्हा

पत्रात समोरचा माणूस दिसायला हवा. भाषणात श्रोत्यांकडे बघितल्यासारखं बोलणं हवं. बातमीत पहिल्या दोन वाक्यांत कोण, काय, कुठे, कधी उरकायचं आणि मग कुणाच्या तरी तोंडचं वाक्य द्यायचं. सल्ल्याच्या पत्रकात छोटे मथळे चालतात. प्रत्येक प्रकार दोनदा लिहून झाला की पुरे.

डायरीबद्दल मात्र थोडं जास्त सांगते, कारण तो सोपा वाटतो आणि तिथेच मुलं घसरतात. डायरी म्हणजे सकाळी उठल्यापासूनची जंत्री नव्हे. लिहिणाऱ्याला जे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही ते तिथे यायला हवं. फ्रीझरची तीच गोष्ट लेकीने नंतर डायरी म्हणून लिहिली, तेव्हा आजीशी खोटं बोलल्याची कबुली अख्खं पान खाऊन गेली आणि पोळ्या दोन ओळींत आटोपल्या. सामान तेच, प्रकार बदलल्यावर वजन कुठे पडतं ते तिला तेव्हा उमगलं. एकच प्रसंग दोन प्रकारांत लिहून घेण्याचा हा व्यायाम जरूर करा.

दहा गुणांचं खातं

इथे व्याकरणाचं पुस्तक उघडून बसू नका. मुलाच्या शेवटच्या पाच लेखनांतून त्याच्या स्वतःच्या चार-पाच खोडी शोधा आणि तेवढ्यांच्याच मागे लागा. लेकीच्या खोडी अशा : काळ घसरायचा (मराठीत आपण “मी गेले, तर काय, तो समोर उभा!” असं सहज सांगतो. इंग्लिशमध्ये भूतकाळात सुरू केलेली गोष्ट मधेच वर्तमानात आली की ते खटकतं). संवादात बोलणारा बदलला तरी नवी ओळ नाही. स्वल्पविरामाने जोडलेली तीन-तीन वाक्यं. आणि ‘सडनली’. एका गोष्टीत सात वेळा सडनली. आम्ही त्याला घरात दंड लावला होता, एका सडनलीला एक भांडं घासायचं.

अवघड शब्दांच्या याद्या मी फाडून टाकल्या. ‘चालला’ऐवजी प्रत्येक वेळी भारदस्त क्रियापद घातलं की लिखाण भाड्याचा सूट घालून आल्यासारखं दिसतं. नेमकं नाम शिकवा. ‘झाड’ऐवजी ‘जॅकरँडा’, ‘पक्षी’ऐवजी ‘मॅगपाय’.

तपासणी कशी करायची

लिखाण सुरू झालं तेव्हा मी लाल पेन घेतलं होतं, तो माझा सर्वांत मोठा मूर्खपणा. दुसऱ्या आठवड्यात लेकीने वही लपवली. मग पद्धत बदलली. आधी मी मोठ्याने वाचून दाखवायची, अडखळले तिथे ती स्वतःच म्हणायची, “थांब, हे चुकलंय.” मग मला आवडलेलं एक वाक्य, आणि एकच प्रश्न : “मला हे दिसलं नाही, काय होतं तिथे?” मग तेवढाच परिच्छेद पुन्हा लिहायचा, अख्खा लेख नाही. वाक्य तुम्ही दुरुस्त करून देऊ नका. चॅटबॉटकडून ‘सुधारून’ तर अजिबात घेऊ नका. मुलाला ते गुळगुळीत वाक्य आवडतं आणि स्वतःचं छत्रीवालं वाक्य टाकाऊ वाटायला लागतं.

इंग्लिश कच्चं असणाऱ्या आई-बाबांनाही हे जमतं, कारण तुम्हाला काय दिसलं नाही हे सांगायला व्याकरण लागत नाही.

महिन्यांचा हिशोब

आम्ही जुलैत सुरुवात केली. ऑक्टोबरपर्यंत तीन ओळींची वही, विषयवाचन आणि आठवड्याला एक बिनघड्याळाचं लिखाण. नोव्हेंबर ते जानेवारी आठवड्याला एक पूर्ण लेखन, एक नुसता आराखडा, एका जुन्या परिच्छेदाची पुनर्मांडणी. (डिसेंबरमध्ये तीन आठवडे भारतात होतो, तेव्हा फक्त वही. तीच सर्वांत भरली.) फेब्रुवारीपासून घड्याळ आणि कीबोर्ड. एप्रिलमध्ये आठवड्याला दोन, त्याहून जास्त नको, मूल शिळं होतं. शेवटचा आठवडा काही नाही. घाई असेल आणि हातात तीनच महिने असतील, तर विषयवाचन, आराखडा आणि टायपिंग एवढंच धरा.

मेलबर्नच्या मंडळींसाठी : तिथल्या चार सिलेक्टिव्ह शाळांत प्रवेश इयर ९ ला असतो. मुलं मोठी असतात, त्यामुळे मत पटवून देणाऱ्या लेखनाला जास्त वेळ द्या. इंग्लंडमध्ये ११ प्लस (तिथल्या ग्रामर स्कूलची प्रवेशपरीक्षा) भागाभागांत वेगळी आहे, काही ठिकाणी लेखन नसतंच. केंट परगण्याच्या ११ प्लसमध्ये, म्हणजे केंट टेस्टमध्ये, ४० मिनिटांचं लेखन असतं, पण त्याला सरसकट गुण देत नाहीत. मूल काठावर असेल तेव्हा मुख्याध्यापकांचं मंडळ ते बघतं. आधी आपल्या भागाचे नियम वाचा.

निकालात रायटिंगचे नेमके गुण कळत नाहीत. मूल वरच्या १० टक्क्यांत, त्यानंतरच्या १५ मध्ये, पुढच्या २५ मध्ये की खालच्या ५० मध्ये एवढंच कळतं, आणि लिहिलेलं परत मिळत नाही. म्हणून परीक्षेहून आलेल्या मुलाला “काय लिहिलंस, नीट सांग” म्हणून उलटतपासणीला उभं करू नका. आमची बाहेर आली तेव्हा मी डबा पुढे केला. तिने झाकण उघडलं आणि म्हणाली, “पुरणपोळी? कुणी केली?” मी केली होती. जरा जाड झाली होती.